हा मान, ही मान

३ डिसेंबर
पालघरच्या नव्या संग्रहालयात आज रुजू झाले! आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि नोकरीही प्रदर्शनातल्या वस्तू मुलांना समजावून सांगायची. आईनं केळव्याहून सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. माझ्या बोईसरच्या भाड्याच्या खोलीभर चटणीचा वास आहे. प्रदर्शन मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या कलेचं. पिसांची ढाल, काळ्या काचेसारख्या दगडाच्या सुऱ्या, आणि मधोमध गरुड कोरलेलं दगडी भांडं. बळी दिलेल्यांची काळजं त्यात ठेवत. जिंकलेली गावं या साम्राज्याला कापूस, कोको, माणसंसुद्धा खंडणी म्हणून पाठवत. आलेली खंडणी परत जात नसे. मागणी तेवढी वाढे.

५ डिसेंबर
उद्घाटन झालं. पाहुणे हायवेवर अडकले, म्हणून आमच्या प्रमुखांनी, पुंजाराम सरांनी, नारळ मला फोडायला लावला. त्या भांड्यासमोरच. माइकवर म्हणायचं होतं, 'हा मान माझ्या आईचा.' घाबरून तोंडातून निघालं, 'ही मान माझ्या आईची.' सगळा हॉल हसला. सोबत काम करणारी सलोनी दिवसभर चिडवत होती, "काय गं, आईची मान देऊन टाकलीस?" नारळाचं पाणी भांड्यात सांडलं होतं. पुसायला गेले तर भांडं कोरडं.

८ डिसेंबर
आईची मान आखडली आहे. फोनवर म्हणाली, "मासलीची पाटी उचलली ना, त्यानं जालं. भिऊ नको, बरी हाय मी."

११ डिसेंबर
आईला आता मान हलवता येत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही म्हणे. गळ्याभोवती दोरीच्या पिळासारखा लाल चट्टा उठलाय. तिनं पाठवलेला फोटो पाहिला. भांड्याच्या काठावर अगदी तशीच नक्षी आहे. सलोनी आता हसत नाही.

१२ डिसेंबर
हॉल रिकामा होता. भांड्यासमोर उभी राहून स्पष्ट म्हटलं: बोलताना चुकले. ही मान माझी. आईची सोड.

१३ डिसेंबर
आई पाटी घेऊन बाजारात जाऊन आली!
चट्टा माझ्या गळ्यावर.

१५ डिसेंबर
मान वळत नाही. घास उतरत नाही. आईला सांगायला नको होतं. रडू आलं, सांगून बसले. तिनं फोन ठेवला—

१६ डिसेंबर
आई संग्रहालयात आलीय. सरळ भांड्याकडे. तिला अडवायचं— आवाज फुटत नाही, लिहिणारा हात तेवढा चालतोय. म्हणते, "मान माजी हाय. पोरीची सोड."

तिच्या गळ्यावर पुन्हा चट्टा. माझा तसाच. गेला नाही—

दोन्ही माना. खंडणी परत नाही, मागणी वाढते—

भांडं ओलं झालंय, काठापर्यंत, आई मागे स—