जावयाने मागितलेलं वाण

।। श्री ।।
निडी, ता. रोहा
२६ एप्रिल १९९९

चि. सौ. शकूस,
शांतीताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. तुम्ही दोघंही खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. कारखानदाराची बायको झाल्यावर थोरल्या बहिणीला साधं कार्डही टाकायचं नाही असा नियम असेल तर दत्तात्रेयरावांना विचारून तसं कळव. वाल यंदा चांगला आला. तुझा वाटा काढून ठेवला आहे, पण न्यायला तूच ये.

आई पुण्याच्या त्या दवाखान्याच्या मशिनवाल्यांच्या मेळाव्यातून आली, तेव्हापासून गल्लीत तिचंच राज्य आहे. हॉल इतका गार की शाल पांघरून बसावं लागलं, माणसं उभ्यानेच जेवत होती, आणि जो तो खिशातून आपल्या नावाचं कार्ड काढून दुसऱ्याला देत होता. तिलाही कोणी दिली, ती देवापाशी ठेवली आहेत. जावईबापूंनी स्टेजवर खुर्ची दिली, हार घातला, टाळ्या पडल्या. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं आहे की मलाच पुण्याला जाऊन आल्यासारखं वाटतं.

पण शकू, एक गोष्ट ती गल्लीत सांगत नाही. मला गावातच दिल्यामुळे तिचं दार माझ्या दारातून दिसतं. काल ती पाटा धुताना भिंत धरून उभी राहिली. मी धावत गेले तर म्हणाली, काय नाय गो, पुण्याची आठवन झाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिथे स्टेजवर तिच्या छातीतलं मशिन थोडा वेळ बंद करतात म्हणे, लोकांना दाखवायला. तेव्हा तिला विहिरीत पडल्यासारखं होतं. माणसं दिसत नाहीत, नुसता काळोख. मग मशिन चालू करतात आणि ती वर येते, तोवर टाळ्या चाललेल्या असतात. ठाण्याच्या मेळाव्यातही असंच झालं होतं.

तुला सांगायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली आहे. ती मी मोडली. हे खरंच असं करतात का, ते मला कळव. मला भीती वाटते.

मुलांना तुझी आठवण येते. माया आहे तशीच ठेव.
तुझी,
शांतीताई


पेण
३ मे १९९९

ती. सौ. शांतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर हातातून भांडी पडत राहिली. आधी एक सांगते, फोन करू नकोस. आमचा फोन ह्यांच्या टेबलावर असतो आणि तुझा स्टेशनजवळच्या दुकानात. तिथे बोललेलं सगळ्या निडीला ऐकू जातं.

तू लिहिलंस ते खरं आहे. आईचं हृदय आपल्या आपण नीट चालत नाही, हे तुला ठाऊक आहेच. खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेला पेसमेकर त्याला ठोके द्यायला लावतो. साबणाच्या डबीएवढं एक साधन वरून छातीवर धरलं की बाहेरच्या यंत्रावरून त्याला हुकूम देता येतो. मेळाव्यात हे तो पेसमेकर काही क्षण थांबवतात, पडद्यावरची रेष बदललेली लोकांना दिसते, मग परत सुरू करतात. डॉक्टरही तपासताना असं करतात, असं हे सांगतात. मी असते मागे, पाहुण्यांना पाणी आणि कार्डं देण्यात. आईच्या तोंडाकडे बघायचं मला कधी सुचलं नाही. मला माझी लाज वाटते ताई.

पण ह्यांना वाईट म्हणू नकोस. आई वालाच्या शेतात पडली तेव्हा ह्यांनीच तिला मुंबईला नेलं, स्वतः बनवलेलं मशिन बसवून घेतलं, आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला चमच्याने पेज भरवली. ते मशिन नसतं तर आई आज नसती.

जूनमध्ये मुंबईला मोठी मीटिंग आहे. देशभरचे मशिनवाले येणार, आणि जर्मनीची एक कंपनी. ती ह्यांच्याबरोबर काम करायला तयार झाली तर आमची शेड राहील, नाही तर दिवाळीपर्यंत कुलूप लागेल. हे नीट जेवत नाहीत. आत्ता बोलायला माझं धाडस होत नाही.

मला एक सुचतं. अधिक महिना येतोय. वाणाला आम्ही निडीला येऊच. तोवर तू आईला तयार कर. आता झेपत नाही, मुंबईला येणार नाही, एवढं तिने तोंडाने म्हणावं. हे तिला फार मानतात, ती नाही म्हणाली तर पुढे शब्द काढणार नाहीत. मी शेजारी असेनच.

वाल न्यायला मीच येते. रागावलीस तरी जवळची समज.
तुझी,
शकू


निडी
३१ मे १९९९

चि. सौ. शकूस,
अनेक आशीर्वाद.

नेमकी कालच तुझी अडचण आली आणि दत्तात्रेयरावांना तेवढाच रविवार मोकळा. तू नव्हतीस, आणि व्हायचं ते झालं.

आईला मी पंधरा दिवस पढवत होते. दर वेळी एकच, जावयाला नाय म्हनू? जीभ झडंल माझी. शेवटी मी रडले तेव्हा म्हणाली, बरं, बगू. मला वाटलं, जमलं.

तिने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, त्यांचे पाय धुतले. वाकू नको म्हटलं तरी वाकली. तेहतीस अनारसे तिने स्वतः तळले होते आणि त्यांवर ठेवायला चांदीचं निरांजन आणलं होतं. तबक पुढे केलं तर दत्तात्रेयरावांनी निरांजन उचलून परत तिच्या हातात दिलं. म्हणाले, तुम्ही एकट्या बाई, माझ्यासाठी कशाला खर्चात पडता? मला चांदी नको. वाण द्यायचंच असेल तर मुंबईच्या मीटिंगला या, तेच माझं वाण.

शकू, ते प्रेमानेच बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि आईचा चेहरा असा फुलला की मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती लगेच म्हणाली, व्हय तर, येनारच. मी दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होते. मला ते त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं, आणि मी वाटीत दूध वाढलं.

ते गेल्यावर मी आईला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, अधिक महिन्यात पाटावर बसलेल्या जावयाने तोंडाने मागितलं, मी दिलं, दिलेलं वान मागं घेत्यात काय गो? आता ब्रह्मदेव आला तरी ती मागे फिरणार नाही. तिला कसली भीतीच नाही, ती सगळी माझ्याकडे आली आहे.

आता तूच राहिलीस. नवऱ्याशी बोल. ओरडले तर ओरडू दे.

उत्तराकडे डोळे लावून बसले आहे, एवढी माया दाखव.
तुझी,
शांतीताई


पेण
८ जून १९९९

ती. सौ. शांतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

बोलले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मशिन थांबलं की आईला काळोखी येते, हे मी सांगितलं. त्यांना धक्का बसेल, डोक्याला हात लावून बसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, मला माहीत आहे.

मग गिऱ्हाईकाला समजावतात तसं त्यांनी मला समजावलं. बहुतेक पेशंटचं हृदय मशिन थांबवलं तरी रडतखडत का होईना चालतं. पडद्यावर ठोके थोडे लांबतात, बघणाऱ्याला फरक कळत नाही. आईचं हृदय उठतच नाही. रेष सरळ जाते. मग मशिन सुरू केलं की डोंगर उठावेत तशी ती उठते, आणि सगळा हॉल श्वास सोडतो. म्हणून आईच पाहिजेत. दुसऱ्या पेशंटवर हे दाखवता येत नाही, असं म्हणाले.

मी विचारलं, आणि परत सुरू झालंच नाही तर? ते हसले. म्हणाले, माझं मशिन आहे शकू, माझं बोट बटणावर असतं, शिवाय डॉक्टर शेजारी असतात. मग त्यांनी चहा मागितला आणि मी करून दिला.

ताई, नऊ वर्षांच्या संसारात मला ह्या माणसाची कधी भीती वाटली नव्हती. आता जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं की मी स्वयंपाकघरात निघून जाते. तसे ते वाईट नाहीत. पण आईचं तोंड त्यांना दिसत नाही, रेष दिसते.

मी पुन्हा बोलेन. नाहीच ऐकलं तर स्टेजवर आईला खेटून उभी राहीन. तू देवापुढे दिवा लाव, आणखी काय सांगू.

तुझी माया पाठीशी असू दे.
शकू


पेण
२१ जून १९९९

ती. सौ. शांतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, आई बरी आहे. माझ्या घरी आहे, आत्ता भात जेवली. आता बाकीचं सांगते.

माझं ऐकलं नाही. हॉटेलातला हॉल होता, दिव्यांनी डोळे दिपत होते. सुया बनवणारे, एक्स-रेवाले, बाळांच्या काचेच्या पेट्या बनवणारे, सगळे कोट घालून एकमेकांना कार्डं देत फिरत होते. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी होती. आईच्या पट्टीवर इंग्रजीत नुसतं पेशंट लिहिलं होतं. तिने ती लुगड्यावर नीट बसवून घेतली आणि मला विचारलं, बरी दिसते ना गो?

आई खुर्चीत मागे रेलून बसली, मी तिचा हात धरून उभी होते. ह्यांनी साधन तिच्या छातीवर ठेवलं, पडद्यावर तिचे ठोके उड्या मारत होते. ह्यांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि बटण दाबलं. रेष सरळ झाली. आईची बोटं माझ्या हातात सैल पडली. मग ह्यांनी दुसरं बटण दाबलं.

रेष सरळच राहिली, ताई.

आईची मान कलली तेव्हा ते साधन छातीवरून सरकलं होतं, आत हुकूमच पोहोचत नव्हता. ह्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आणि खाली लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, एवढा वेळ थांबवून दाखवतात म्हणजे मशिनवर केवढा भरवसा! टाळ्या वाढत गेल्या. मी किंचाळले, ते कोणालाच ऐकू गेलं नाही, पडद्याकडे बघणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आईचे ओठ जांभळे पडले होते. मी तिच्या छातीवरचं ते साधन जागेवर दाबून धरलं, ह्यांनी बटण दाबलं, आणि रेष उठली. लोक उभे राहिले.

आईने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? जावईबापूंचं काम झालं का?

झालं. जर्मन पाहुण्यांनी ह्यांचा हात सोडला नाही. ह्यांचा हात बर्फासारखा गार होता, हे त्यांना कळलं नसेल. आईला गुरुवारी निडीला पोचवते.

मला तुझ्याजवळ राहायचं आहे. जागा असू दे.
शकू


पेण
५ जुलै १९९९

ती. गं. भा. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शांतीताई आपल्याला वाचून दाखवतील. त्यांच्यासमोर लिहायला मला संकोच नाही, त्यांनी मला बोलावं तेवढं थोडं आहे.

मुंबईला माझं बोट बटणावर होतं आणि मशिन ऐकत नव्हतं. आपण गेलात असं मला वाटलं. तेव्हापासून मला झोप नाही.

पाहुण्यांचं पत्र आलं आहे. सप्टेंबरात दिल्लीला याहून मोठी सभा आहे. करार तिथेच होईल, आणि त्याच बाईंना आणा असं त्यांनी लिहिलं आहे. नकार लिहायला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा मनात आलं, साधन पट्ट्याने बांधलं तर सरकणार नाही. आई, मला माझीच भीती वाटते. मी आपल्याला पुन्हा विचारीन आणि आपण पुन्हा हो म्हणाल.

म्हणून हात जोडून मागतो, मला एकदा नाही म्हणा. एक ओळ पुरे. ती खिशात ठेवीन आणि त्यांना नकार कळवीन. शकू तिकडेच आहे, तिला सांभाळा.

अपराध पोटात घालावा, आशीर्वाद काढून घेऊ नये.
आपला,
दत्तात्रेय


निडी
९ जुलै १९९९

श्री. रा. रा. दत्तात्रेयराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता. शकू शेजारी बसली होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, येवढा शिकलेला मानूस माझ्यासारखीला हात जोडतो, म्हंजे त्याची अडचन केवढी असंल. लिव, येते म्हनून. कवा निघायचं तेवढं कळवा म्हनावं.

मी समजावलं की त्यांना नाहीच हवं आहे. ती म्हणाली, तसं म्हणायची रीत असते, मोठी माणसं भिडेपोटी तसं लिहितात. मग तिने पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढलं आणि दिल्लीला न्यायला म्हणून शकूला त्याची घडी घालायला लावली. शकूने घातली.

आता ती समोर बसली आहे आणि मी लिहिते आहे. तिने सांगितलेलं तुम्हाला कळावं म्हणून वर लिहिलं, पण तिचं उत्तर ते नव्हे. उत्तर मी लिहिते. नाही. आमची आई दिल्लीला येणार नाही, आणि पुढे कुठल्याच सभेला येणार नाही.

ह्याचं उत्तर पाठवू नका. आलं तर मला ते तिला वाचून दाखवावं लागेल, आणि ती पिशवी घेऊन दारात उभी राहील. घरी जेवायला कधीही या, पाट मांडीन. आमच्यावरचा लोभ तेवढ्यापुरता असू द्या.

झालं का लिहून, असं ती विचारते आहे. मी हो म्हटलं. काय लिहिलं ते वाच म्हणाली, म्हणून मी कागदाकडे बघत मोठ्याने म्हटलं, येते, कधी निघायचं ते कळवा. तिचं समाधान झालं. तिने अंगठा पुढे केला आहे. तो इथे, ह्या नाहीखाली, मी धरून उमटवते आहे.

आपली,
शांती
(आईचा अंगठा)