राखलेला कान

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? मी बरी आहे, म्हणजे काळजी करत करत बरी. स्टुडिओतल्या तुझ्या उंच खुर्चीवर आता मीच बसते. मालक म्हणतात, आत्याला एका चेहऱ्याला लागायचा तेवढा वेळ हिला एका हनुवटीला लागतो.

बाबांनी आईचा तो फोटो मोठा करून मागितलाय, मी मांडीवर आहे तो. त्यांच्या खोलीत लावायचाय. कान तेवढा मळका दिसतो, तो चेहऱ्याच्या रंगाचा कर, म्हणाले. दोन मिनिटांचं काम. कानापुरता भाग निवडला आणि फोटो खूप मोठा करून पाहिला. आत्या, एवढ्या जवळून माणूस दिसतच नाही. पहाटेचं शेत दिसतं, धुकं उतरलेलं. गालावरून फिरत कानापाशी आले आणि धुकं एकदम संपलं. तिथे कड होती. कानावर सावली नाहीच, कुणीतरी चेहराच निवडून उजळलाय आणि कान राहून गेलाय.

ती कड मी ओळखते. केसाएवढी बारीक, आतून मऊ केलेली. अशी कड धरायला तूच शिकवलंस मला.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तिचा रंग मला आठवत नाही. फोटोत तिची मान माझ्या डोक्याआड आहे, हात माझ्या झग्याखाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, फोटोत आहे तशीच होती, गोरीपान. वीस वर्षं रोज तेच बघून त्यांना तसं वाटत असेल का? कान उजळला तर तिचं उरलंसुरलंही जाईल. काम अडवून बसलेय. रागावू नकोस, पण खरं सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची


९ ऑगस्ट

चि. शंकेखोर भाचीस,
अनेक आशीर्वाद.

कंबर जागेवर आहे. पत्र वाचून आधी हसले, मग बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. माझीच विद्या माझ्यावर उलटली.

हो, मीच केलं. तुझ्या आजीचं म्हणणं, फोटो नातेवाइकांना जायचाय, सून जरा उजळ दिसली तर काय बिघडलं? तिच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती. वहिनी माझ्या मागे उभी राहून बघत होती. मी लाजेने चूर, आणि ती म्हणते कशी, वन्सं, एवढा एक कान सोडा, आणि या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. पोट धरून हसलो दोघी. कान राहिला नाही गं, राखलाय.

पुढे मूळ फाइलवरच सेव्ह करून बसले, तो गुन्हा माझा एकटीचा. आधी कॉपी कर म्हणून तुला ओरडायचे ते उगाच नव्हे. तो रंग आता माझ्याही आठवणीत विटलाय. कानालाच विचार. पाळीचा घेऊ नकोस, लाली येईल. वरच्या कडेचा घे. आणि दादाला आधी सांग. चिडला तर माझं नाव पुढे कर.

खात जा, झोपत जा, पत्र टाकत जा.
आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

कॉपी केली, दोनदा केली. कानाच्या वरच्या कडेचा रंग घेतला आणि एकेक भाग निवडत गेले, आधी कपाळ, मग गाल. ओठांना हात लावला नाही. संध्याकाळ उतरावी तशी ती हळूहळू पडद्यावर येत होती. स्वप्नातून जाग येईल या भीतीने मी माउस सोडत नव्हते.

बाबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, नसत्या उचापती नकोत, मला माझ्या माहितीतली दे. म्हणून दोन्ही प्रिंट नेल्या, त्यांना हवी होती तशी आणि ही. त्यांनी आपली घेतली, छान म्हणाले. मग दुसरी, मी पालथी ठेवलेली, स्वतःच उलटली. खिडकीपाशी उजेडात नेऊन धरली. मला वाटलं, दुखावलं यांना.

आणि त्यांनी हाक मारली, काजळे. मला नव्हे, फोटोला. आवाज कुणा तरुण माणसाचा वाटला. मग दचकून माझ्याकडे बघत म्हणाले, ही हाक इतकी वर्षं कुठे होती?

कुठली प्रिंट लावायची ते मी विचारलं नाही. हातोडी शोधायला तेच उठले.

तुझ्या हातची कड माझ्या हातात अशीच राहो.
काजळीची लेक