डावा दिवा

३ मार्च, रविवार
आजपासून गाडीचं काम हातात घेतलं. गाडी सासऱ्यांची. जपानी, लाल, चपटी, दोन दारांची. माझ्या लग्नाच्याही आधीची. पुढचे दिवे बॉनेटमध्ये झोपलेले असतात, बटण दाबलं की वर येतात. उजवा येतो. डावा येत नाही. बाकी गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते, पण ते वरवरचं झालं. आतून तिची अवस्था काय आहे, हे जाणकारालाच कळतं.

सासऱ्यांची नजर जात चालली आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत जेवढं दिसेल तेवढं बघून घ्या. हिचं म्हणणं, बाबांना एकदा त्यांच्याच गाडीतून तलावाच्या रस्त्याने फिरवून आणायचं. आजच नेते म्हणाली, दिवसाढवळ्या दिवा कशाला हवा? मी म्हटलं, एका दिव्याच्या गाडीत मी माझ्या सासऱ्यांना बसू देणार नाही. पुढच्या रविवारी नेऊ, दोन्ही दिव्यांसकट. शब्द दिला.

साडू आले होते. त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक आहे म्हणे. साडूंच्या ओळखीचं सगळंच असतं. घरात माणूस असताना बाहेरचा कशाला, असं बजावून सांगितलं.

सासरे गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. "जावईबापू, त्या दिव्याचं असं आहे..." म्हणून सुरू झाले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फक्त आराम करा.

४ मार्च
ऑफिसात सगळ्यांना गाडीबद्दल सांगितलं. साहेबांनी पडून राहिलेल्या फायलींबद्दल विचारलं. माणसं किती कोती असतात.

१० मार्च, रविवार
दिव्याची वायर शोधायची तर बॅटरी काढावी लागते. बॅटरीखाली गंज निघाला. गंज घासायचा तर मध्ये रेडिएटर येतो. रेडिएटर काढला. म्हणजे बघा, दिवा हा नुसता दिवा नसतो.

पद्धत मात्र चोख ठेवली आहे. प्रत्येक भाग काढला की त्याचा फोटो. कॅमेरा स्टँडवर, टायमर लावून. फोटो थेट कॉम्प्युटरवर, क्रमाने. जोडताना उलट्या क्रमाने बघत जायचं. जपानी लोकही असंच करत असणार.

फेरी पुढच्या रविवारवर ढकलली. ही काही बोलली नाही. समजूतदार आहे.

१७ मार्च
इंजिन बाहेर काढलं. इंजिन जागेवर असताना डाव्या बाजूला हात नीट पोचत नव्हता. आता ऐसपैस जागा झाली आहे.

नटबोल्ट बर्फाच्या ट्रेमध्ये लावले होते, एका खणात एक जोडी. हिने ट्रे परत मागितले. सगळे एका बादलीत ओतून दिले. फोटो असताना खणांची गरज काय?

सासरे पुन्हा दिव्याचं काढून बसले. म्हातारपणी माणूस एकाच गोष्टीत अडकतो. मी मान हलवत राहिलो. ऐकतोय असं वाटलं की त्यांना बरं वाटतं.

२४ मार्च
कॉम्प्युटर रखडायला लागला. हा कॉम्प्युटर खरं तर सासऱ्यांचा. हिने त्यावर त्यांना मोठ्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचायची सोय करून दिली आहे. ते रोज सकाळी स्क्रीनला नाक लावून बसतात. ही म्हणते, तुझ्या फोटोंनी तो भरला. हिला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. दोष ड्रायव्हरचा आहे. म्हणजे गाडीच्या नव्हे, स्क्रीनच्या. नवा टाकला.

आता स्क्रीनवर एका वेळी तीनच शब्द मावतात. सासऱ्यांना म्हटलं, बघा, अक्षरं आणखी मोठी करून दिली. ते म्हणाले, "जावईबापू, बातमी संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं." कौतुक करायची त्यांची ही एक तऱ्हा आहे.

७ एप्रिल
साडू सहलीला निघालेत. कॅमेरा मागून नेला. फोटो कॉम्प्युटरवर असल्यामुळे मी उदारपणे दिला. जाताना गॅरेजात डोकावले आणि विचारलं, गाडी कुठे आहे? गाडी त्यांच्या समोर होती.

१४ एप्रिल
कॉम्प्युटरच्या मुळाशी जायचं ठरवलं. डिस्क पुसून सगळं नव्याने बसवायचं. ही म्हणाली, आधी कोणाला तरी विचार. कोणाला? साडूंना? आधी बॅकअप घेतला. सी ड्राइव्हमधलं सगळं डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं. माझे फोटो, सासऱ्यांचं वर्तमानपत्र, हिची कामाची पत्रं. दोन ठिकाणी असलं की माणूस निर्धास्त असतो.

१५ एप्रिल
सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं निघाली. हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही.

१६ एप्रिल
ही म्हणाली, फोटो कॅमेऱ्यात असतील अजून, साडूंना फोन कर. म्हणजे साडूंना सांगायचं की माझं अडलं? मी म्हटलं, गरज नाही, मी आठवणीने जोडेन. गाडी माझ्या डोक्यात आहे. ही म्हणाली, गॅरेजात तर नाहीच आहे.

अशा शेऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

सासरे सकाळी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. सवयीने. स्क्रीन काळी होती. बराच वेळ बसले आणि उठून गेले. तेवढीच त्यांच्या डोळ्यांना विश्रांती.

२८ एप्रिल
जोडणीला सुरुवात. बादली फरशीवर पालथी केली. जपान्यांनी इतक्या प्रकारचे बोल्ट का केले, हे त्यांनाच ठाऊक. चार बोल्ट बसवले. त्यातला एक मोडला. दुसरा बसला, पण तो कशाचा आहे ते कळत नाही.

ऑफिसात मला आता इंजिनियर म्हणतात. आदर हळूहळूच मिळतो.

५ मे
ही आज माझ्याशी सरळ बोलली. म्हणाली, "बाबांना आता खिडकीतलं झाड दिसत नाही. गाडी राहू दे. कोणाच्याही गाडीतून नेऊ." मी म्हटलं, इतक्या जवळ येऊन सोडायचं? साडूंच्या गाडीतून नेलं तर माझी काय किंमत राहील? ती म्हणाली, "खरंच रे, काय राहील?" पहिल्यांदाच तिला माझी बाजू पटली.

बाबा स्वतःच साडूंच्या गाडीला नको म्हणाले. जायचं तर लाल गाडीतूनच. त्यांचा माझ्यावर किती भरवसा आहे बघा. मला भरून आलं.

१९ मे
उन्हामुळे काम बंद. हातात पाना भाजतो.

२६ मे
पाठीमुळे काम बंद.

२ जून, रविवार
सासरे सकाळी गॅरेजात आले, भिंत चाचपत. खुर्ची दोन हातांवर होती, ती त्यांना सापडेना. मी काहीतरी करत होतो, त्यामुळे उठलो नाही. शेवटी हिने येऊन बसवलं. त्यांनी विचारलं, काम कुठवर आलं? मी म्हटलं, बाबा, आता थोडंच राहिलंय. माझ्यासमोर रिकामा सांगाडा, मागे जमिनीवर इंजिन आणि पायाशी बादली. ते म्हणाले, "छान दिसत असेल." मी म्हटलं, हो, एकदम नवी. माणसाला आनंद द्यायला काही लागत नाही.

ही दारात उभी होती. आत निघून गेली.

९ जून
घरात काहीतरी शिजतंय. ही आणि तिची बहीण फोनवर हळू आवाजात बोलतात. माझ्या वाढदिवसाला अजून अवकाश आहे.

१६ जून, रविवार
सकाळी दारात सपाट पाठीचा ट्रक. साडूंच्या ओळखीचा भंगारवाला. अर्थात. गाडी सासऱ्यांनीच द्यायला सांगितली. मला विचारलं नाही. हिने परवा त्यांना सगळं खरं सांगितलं म्हणे. चुगलखोरपणा माणसाचा नाश करतो.

इंजिन चढवलं, मग सांगाडा. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, मला आत बसवा. ट्रकवाला नको म्हणत होता. ते म्हणाले, तलावाच्या रस्त्यानेच जायचंय ना तुला? मग काय? त्यांना वर चढवलं. बसण्याआधी ते गाडीच्या नाकापाशी गेले. बॉनेट नव्हतंच. हात आत घालून चाचपत चाचपत त्यांनी काहीतरी पकडलं आणि मूठ फिरवत राहिले. डावा दिवा वर आला.

"त्या दिव्याचं असं आहे," ते म्हणाले, "त्याला हाताने वर घ्यावं लागतं. आत एक गोल मूठ आहे. कायम तसाच घेत आलोय मी."

मी म्हटलं, "बाबा, हे आधी नाही का सांगायचं?"

ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली, पण मला ते हसणं आवडलं नाही.

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, ही शेजारच्या सीटवर. ट्रक सुरू झाला. "निघाली का गं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "निघाली, बाबा. तुम्ही समोर बघा, मी सांगते." वळणावर त्यांनी स्टिअरिंग वळवलेलं मी पाहिलं.

एका अर्थी शब्द पाळला गेला. सासरे, त्यांचीच गाडी, तलावाचा रस्ता. दिवे दोन नव्हते, पण जो मुळात बिघडला होता तो वर होता.

जेवायला दोघं परतली नाहीत. मेहुणीकडे उतरलीत म्हणे.

२३ जून, रविवार
अजून मेहुणीकडेच आहेत. कधी येणार विचारलं तर ही म्हणाली, बाबांना तिथे बरं वाटतंय. आणि तुला? विचारलं. मलाही, म्हणाली.

साडू कॅमेरा परत द्यायला आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले की बाबा घर विकायचं म्हणताहेत, तुम्ही जागा बघायला लागा. मी इथे फक्त त्यांची सोय व्हावी म्हणून राहत होतो, हे सांगणार होतो. तोवर ते गाडीत बसले होते.

गॅरेजात बादलीवर बसून कॅमेरा उघडला. माझे फोटो कार्डात जसेच्या तसे. एकही गेलेला नाही. सगळे क्रमाने पाहिले. प्रत्येकात मी, हातात काढलेला भाग, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. भाग कुठून निघाला ते माझ्या अंगाआड झाकलं गेलंय.

माझ्या खांद्यामागे खुर्चीत सासरे. पहिल्या फोटोपासून. तोंड उघडं, एक हात वर केलेला, मूठ फिरवून दाखवताहेत. कॅमेऱ्याला नव्हे, माझ्या पाठीला.

त्यांचा चेहरा जरा धूसर आहे. मी मात्र सगळ्या फोटोंत चांगला आलोय.