बेकरीमागे उभी केलेली गाडी

एल्क्सबरो, मिनेसोटा
१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय मारिट,

तू बरी असशील. आईचा गुडघा आता कसा आहे? इथं थंडी हाडं फोडते आहे, आणि आपला मालक हार्लन बासष्टाव्या वर्षी तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो. राजीनामा देऊन तू उरलेल्या रजेवर गेलीस, तेव्हापासून तुझ्या खोलीत कोणी बसत नाही. तुझे रोगी मी आणि डेल वाटून घेतो. म्हाताऱ्या मिसेस ऑल्सन मला रोज विचारतात, "ती पोरगी कुठं गेली? तुम्ही भराभर बोलता."

क्लिनिकमध्ये विशेष काही नाही. आपल्या मॅनेजर कोलीननं सामानाच्या खोलीत आरामखुर्ची टाकून 'विसाव्याची खोली' केली होती ना, त्या खुर्चीवर आजवर एकच माणूस बसला, तो औषध कंपनीचा विक्रेता. आपल्यातलं कोण बसणार? बसलं की कोलीन बघणार, बघितलं की हार्लनच्या कानावर जाणार.

तुला आठवतं, मला पहिल्यापासून वाटत होतं की पाणी कुठंतरी मुरतंय. दोन वर्षांत दोन डॉक्टर सोडून गेले आणि मालकाला एकदम आपल्या सुखाचा पुळका आला. बावीस वर्षांत ज्यानं मला धड जेवू दिलं नाही, तो फळांची टोपली ठेवतो? मी म्हटलं, क्लिनिक मोठ्या इस्पितळाला विकायचंय, त्याआधीची ही रंगरंगोटी. तू हसलीस. "व्हर्ना, तुम्ही केळ्यावरसुद्धा संशय घेता."

घेते. पण जिथं घ्यायचा तिथं घेतला नाही.

ऑक्टोबरात कोलीननं आपल्याकडून ते कागद भरून घेतले. किती थकता, सोडून जावंसं वाटतं का, नाव लिहू नका. नाव कशाला लागतं? भरणारे तीन! डेलनं सगळी उत्तरं कोरी ठेवून खाली मासा काढला होता. दुसऱ्या कागदावर सगळं ठीक, फक्त कॉफी बदला. तिसऱ्यावर टाइप केलेलं होतं की मी रोज सकाळी वीस मिनिटं गाडीत बसून राहते, आत यायला पाय निघत नाहीत, आणि या वर्षात सोडून जाईन असं वाटतं.

मला आत बोलावून हे तिन्ही कागद दाखवले. हार्लनचा चेहरा उतरलेला. कोलीन म्हणाली, "मी खिडकीतून पाहिलंय ना. मारिट रोज गाडीत बसून असते."

"तिला जपलं पाहिजे," हार्लन म्हणाला.

मी म्हटलं, "ती आईशी फोनवर बोलत असते."

"अगं, मग कोण? तू? तुला काय धाड भरलीय! तू तर घोडा आहेस."

दोघंही हसले, आणि मी पण हसले.

पुढचं तू भोगलंस. तुझं शुक्रवारचं काम काढून घेतलं, अवघड रोगी मला दिले, कोलीन दारात उभी राहून "झोप झाली का गं?" विचारायची. मायेनंच केलं सगळं, पण न विचारता केलं. तुला वाटलं, हे आपल्याला हळूहळू बाहेर काढताहेत. कोणालाही तसंच वाटलं असतं. डिसेंबरात तू गाड्यांपाशी मला गाठलंस. "व्हर्ना, खरं सांगा, माझ्या हातून काही चुकलंय का? यांना कोणी काही सांगितलंय का?" मी कानांवर हात ठेवले. "मला काय ठाऊक," म्हटलं, आणि काचेवरचा बर्फ खरवडत राहिले.

मला ठाऊक होतं, मारिट. तो तिसरा कागद माझा होता.

मी गाडी बेकरीमागे लावते, म्हणून कोलीनच्या खिडकीतून दिसत नाही. नाव लिहिलं नाही, कारण डॉक्टरकीच्या परवान्यासाठी दर वर्षी आपण जो अर्ज भरतो त्यातला तो प्रश्न तुला माहीत आहे. मनाचा काही त्रास आहे का? 'हो' लिहिलं की चौकशी. सत्तावन्नाव्या वर्षी कोण ती ओढवून घेईल? रोग्यांना मी रोज सांगते, लाजू नका, बोला. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ दिली.

तरीही गप्पच राहिले असते. पण सोमवारी हार्लननं मला तुझं शिफारसपत्र वाचायला दिलं, तुझ्या नव्या इस्पितळासाठी लिहिलेलं. "अत्यंत हुशार डॉक्टर. मात्र ताण सोसत नाही, कामाचा बोजा हलका ठेवावा." मला म्हणाला, "बघ, तिथंही तिची काळजी घेतील." हे वाचून तुला कोण घेणार होतं?

मी तिथंच सांगितलं. त्यानं पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे चार महिने मी धडधाकट पोरीला औषध पाजत होतो? आणि तू बघत होतीस?" मी हो म्हटलं. पत्र त्यानं फाडलं. नवं माझ्यासमोर लिहिलं, त्यात फक्त जे खरं आहे तेच आहे, आणि आज ते टपालात पडलं. तुला तो स्वतः फोन करणार आहे. क्लिनिक विकायचं त्याच्या मनातही नव्हतं, हेही विचारून घेतलं. संशय फक्त माझ्या डोक्यात होता.

येत्या सोमवारपासून मी सहा आठवडे सुट्टीवर आहे. डुलुथच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाते आहे, स्वतःच्या खऱ्या नावानं.

तू परत यावंस असं मला फार वाटतं. पण ते तुझ्यासाठी वाटतं, की तू नसलीस तर सगळे रोगी माझ्या अंगावर पडतील म्हणून, हे मला सांगता येत नाही. म्हणून 'ये' म्हणत नाही. जायचं असेल तर जा. फक्त आपल्यातच काही कमी होतं असं समजून जाऊ नकोस. तुझ्यात काही कमी नव्हतं.

चार महिने तुझ्याआड लपून राहिलेली,
व्हर्ना