मोटारीच्या काचेची पट्टी

श्रावण सोमवार, १९९७. हट्टा.

नांदेडहून मोटारीच्या पुढच्या काचेची रबरी पट्टी आली, एकशे चाळीस रुपये. एसटीचं पार्सल आठ.

मामंजींच्या या जुन्या मोटारीत पाणी येतं कुठून ते बघायला यांनी मला उपाशीपोटी आत बसवलं आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं.

"थेंब कुठून येऊन राहिला, बराबर बघ."

"माझ्या डोक्यावर पडून राहिला. अजून काय बघू?"

हसले. मग नव्या पट्टीच्या खाचेत दोरी घालून ती आतून ओढत काच बसवली. कडेनं बोट इतकं हळूच फिरवत होते की मला बघवेना. माझ्या कपाळावरून असं कधी... जाऊ दे. महादेवा, लोखंडाचा हेवा करते मी!

देवघरावरचा पत्रा दोन पावसाळे गळतोय. "काहून बघत न्हाई?" विचारलं, तर म्हणाले, "पातेलं ठेव की." मोटारीवर मात्र ते बोट किती हळूच!

आता मागच्या काचेलाही पट्टी हवी म्हणे. दुकानदाराला कार्ड मीच लिहिते. आजही लिहिलं, पण माझ्या मनानं: पट्टीची घाई नाही. घराच्या पत्र्याची भोकं बुजवायला काही मिळत असेल, तर तेवढं उलट टपाली कळवावे.