खालच्या मजल्यावरची ऊब

प्रिय लोथारकाका,

कुबडी घेऊन चालायला लागलात, असं तुमच्या सिल्केनं फोनवर सांगितलं. जीव भांड्यात पडला. तुमच्या झाडांना पाणी घालतेय. एक कुंडी स्टॅमातिसनं फोडली, पण नवरा माझा आहे, तेव्हा रागवायचं काम मी उरकलंय. फोतिनी आता धरून धरून उभी राहते.

गेल्या वर्षी आम्ही न्यूरेम्बर्गला आलो तो दिवस आठवतो? तीन महिन्यांचं भाडं अनामत भरून दार उघडलं, तर स्वयंपाकघरात ना ओटा, ना सिंक. इथे भाडेकरू जाताना तेही उचलून नेतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही जिन्यातून डोकावून म्हणालात, "नशीब, भिंती तरी ठेवल्यात." आणि मायदेशातून, कालामाताहून, आईचा फोन, "तुम्ही जर्मनीत राहायला गेलात की जर्मनी विकत घ्यायला?" रडता रडता हसले मी.

त्याच हिवाळ्यात फोतिनी झाली. पगार महिनाअखेर गाठेना, म्हणून स्टॅमातिसनं एक सोडून सगळे हीटर बंद केले. तरी घर फारसं गारठलं नाही. मग काय, स्वारी भावाला फोनवर सांगायला मोकळी, "जर्मन उगाच घाबरतात. आपल्या हाडांत ऊन मुरलंय." तुम्ही मात्र खाली, आमच्याच घराखाली, भर जानेवारीत बनियनवर बसलेले दिसायचात. "म्हाताऱ्याचं पेन्शन उतू जातंय," तो म्हणायचा, आणि मीही हसायचे.

यंदा तुम्ही पडलात, दवाखान्यात गेलात, आणि आठवडाभरात आमची जमीन गार पडली. फोतिनीला खाली ठेवलं की ती पाय वर घ्यायची. स्टॅमातिस खिडक्यांच्या फटी शोधत फिरला. तुमचे कपडे न्यायला आलेल्या सिल्केला हे सांगितलं, तर ती बघतच राहिली. "म्हणजे पप्पा बोलले नाहीत? तुमच्या बाळासाठी अख्खा हिवाळा हीटर पूर्ण वाढवून बसायचे. मी ओरडले तर म्हणाले, वरची माणसं मानी आहेत, पैसे दिले तर घ्यायची नाहीत."

 स्टॅमातिसनं उठून आमचे हीटर सुरू केले.

काका, माझ्या लेकीचा पहिला हिवाळा तुम्ही सांभाळलात आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत. परक्या गावात असं माणूस भेटणं हे आमचं भाग्य आहे, दुसरं काय म्हणू?

पण पत्र नुसतं आभारासाठी नाही. गेल्या हिवाळ्याचं बिल आता आलं, ते झेपत नाही, म्हणून तुम्ही घर सोडून कीलला सिल्केकडे जाणार, घरमालकासाठी नोटीसही लिहून ठेवलीत, असं तिच्याकडूनच कळलं. ती नोटीस पाठवू नका. ती ऊब आम्ही वापरली, बिलही आमचंच. स्टॅमातिसनं जादा पाळ्या घेतल्यात. भावाला फोन करून खरं काय तेही सांगितलं, आणि पाळ्यांपेक्षा ते त्याला जड गेलं. तुम्हीही कमी मानी नाही, विचारलं तर नाहीच म्हणाल. म्हणून विचारत नाही, फक्त कळवते. सिल्केकडून बिल मागून घेतलं, आणि पहिला हप्ता काल भरला.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची इव्हान्थिया