मळ्यातला शॅले

३ एप्रिल १९४६
पलटणीतून सुटून घरी आलो, तर घरात विजयमाला नाही. माझ्या वहिनीशी भांडून विट्याला माहेरी गेलीय. निरोप ठेवलाय: निराळं घर बांधा, तरच येईन. बांधणार! घर नव्हे, शॅले, म्हणजे उतरत्या छपराचा लाकडी बंगला. इटलीत डोंगरावर पाहिला होता, नाव एका फ्रेंच सोल्जरनं सांगितलं. येताना पाचगणीला एका शेठच्या बंगल्यावर त्याच नावाची पाटी. दारात मोटार! मळ्यात जागा आहेच. दिवाळीच्या आत पुरा. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ एप्रिल, सकाळी साडेआठ
कुणी उठवलंच नाही.

२० मे
जोतिबा सुतार डोकं खातो. छपराला एवढा उतार कशाला? म्हटलं, बर्फ घसरायला. म्हणाला, आवं हवालदार, हितं बर्फ कवा पडला? पडला तर? मिलिटरीत तयारी आधी करतात.

२ जून
छपरावर उसाचं पाचट घालताना जोतिबा दोनदा घसरून खाली आला. म्हणजे उतार बरोबर आहे.

१४ सप्टेंबर
भाऊसो, आमचे थोरले बंधू, बघून गेले. लय उंच झालंय रं, पण चूल कुठं हाय, म्हणाले. फायरप्लेस पेटवून दाखवली. दोघंही खोकत बाहेर आलो. धुरानं डास जातात, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

२३ ऑक्टोबर
झोप नाही. खाली ड्रॉइंगरूम, वर शिडीनं बेडरूम. तिला आवडेल ना? आवडणारच! सारखा वाटेवर जाऊन बघतो.

२५ ऑक्टोबर, पाडवा
आली! गाडीमागं माहेरची म्हैस. शिडीकडं पाहिलं, नऊवारीकडं पाहिलं. भाकरी कुठं थापू, म्हणाली. मग म्हैस ड्रॉइंगरूममध्ये बांधली. लय झ्याक गोठा बांधलाय म्हणाली, आणि भाऊसोंच्या मोठ्या घरी गेली. वहिनी दारातच होत्या. दोघी पदर तोंडाला लावून हसत बसल्या. जावाजावांचं जुळलं. शॅलेमुळंच की!

११ नोव्हेंबर
गावात आणखी दोघांनी शॅले बांधायला काढलेत, बैलांसाठी. गोठा हा शब्द आता कुणी काढत नाही. विजयमाला मोठ्या घरी, मी माळ्यावर, खाली म्हैस. आज आठवलं, इटलीतली म्हातारीही माळ्यावरच झोपायची. खाली तिच्या गाई.
विजयमाला रोज विचारते, शॅलेतलं शेण काढलं का? काढतो. त्यासाठी पहाटे पाचला उठतो.